जुनी पद्मिनी आणि आजचं पेट्रोल

लोणी-धामणीकडं कुणाच्या पडवीत ताडपत्रीखाली जुनी प्रीमियर पद्मिनी असेल, तर हे ऐका. कुर्ल्यात ही गाडी घडली, तेव्हा पेट्रोलमध्ये इथेनॉल नव्हतं. आता २० टक्क्यांपर्यंत असतं. त्यातलं काही आपल्याच उसाचं म्हणा ना! पण ते ओल शोषतं, टाकीत गंज धरतो, जुने रबरी पाइप फुगतात. पाइप दाबून पाहा. चिकट लागला, चिरा दिसल्या, की इथेनॉल सोसणारा नवा घाला. गाडीतल्या पेट्रोल-पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला पडदा, फाटला तर पेट्रोल थेट इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला, तर गाडी सुरूच करू नका. कार्बोरेटरच्या जेटमध्ये तार खुपसायची मेकॅनिकची सवय मात्र मोडा. भोक मोठं होतं, गाडी पेट्रोल पिते. जेट हवेच्या दाबानंच साफ करा. आणि हो, त्या वेळी बिडी-काडी लांब ठेवा.