पानं विकणाऱ्या आज्या

आज जाऊया जपानच्या शिकोकू बेटावर, कामिकात्सु नावाच्या डोंगरातल्या गावात. लोकसंख्या दीड हजाराच्या आत, त्यात निम्मी म्हातारी माणसं.

१९८१च्या कडाक्याच्या थंडीत इथल्या संत्र्याच्या बागा गेल्या. १९८६मध्ये शेतकी सोसायटीतल्या तोमोजी योकोइशींनी सुचवलं, पानं विका! जपानी हॉटेलांत ताट सजवायला मेपलची वगैरे पानं लागतात. सुरुवातीला चारच शेतकरी तयार झाले.

मला आवडलेला भाग पुढे आहे. ऑर्डरी आधी फॅक्सवर, मग कॉम्प्युटरवर, नंतर टॅबवर. सत्तरी-ऐंशीच्या आज्या स्क्रीनवर ऑर्डर पटकावतात आणि पानं तोडायला निघतात. विक्रीत आपला नंबर कितवा, तेही दिसतं. मग काय, चुरस!

मी ॲप बनवतो. ‘म्हाताऱ्यांना जमणार नाही’ असं मीटिंगमध्ये मीच कितीदा म्हटलंय, आणि मोठ्या अक्षरांचं काम पुढच्या रिलीजवर ढकललंय. बँकेचा मेसेज आला की माझी आजी अजून मला फोन करते, "बाळा, बघ रे काय लिहिलंय."

पानांनी कामिकात्सुची लोकसंख्या वाढली नाही, ती घटतेच आहे. पण तिथल्या आज्या स्वतः कमावतायत.

रविवारी मी आजीशेजारी बसून ती फोन कसा वापरते ते बघणार आहे. आणि हो, हेच गाव कचरा चाळीसहून जास्त प्रकारांत वेगळा करतं. ते पुढच्या भागात!