निवासी डॉक्टरचा राजीनामा
(मंडळाच्या वार्षिक गुणगौरव समारंभातील भाषण)



वैद्यकीय प्रवेश मिळविणाऱ्यांना आता येथे पुष्पहार अर्पण झाले. त्या आनंदात आम्हीही सहभागी आहोत. परंतु मिळालेली जागा सोडू पाहणाऱ्या तरुणाविषयी या व्यासपीठावरून कोणी बोलल्याचे आमच्या ऐकिवात नाही. म्हणून आज तोच विषय घेतला आहे. चिटणीसांनी क्षमा करावी.

एम. बी. बी. एस. ची साडेपाच वर्षे, मग नीट-पीजी, आणि पुढे एम. डी. वा एम. एस. साठी तीन वर्षे रुग्णालयात निवासी डॉक्टर. त्यातही पहिल्या वर्षाचा निवासी म्हणजे विभागाचा भारवाहक. रक्ताचे नमुने, केसपेपर, ड्रेसिंग, सारे त्याच्या माथी. सलग काम सामान्यतः बारा तासांहून अधिक नसावे, असे केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी योजनेत लिहिलेले आहे. प्रत्यक्षात छत्तीस तासही होतात. कागद कागदाच्या जागी!

आमचा एक जुना विद्यार्थी असाच शस्त्रक्रिया विभागात होता. आठव्या महिन्यात एका रविवारी तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "गुरुजी, तुमची भाषा चांगली. राजीनामा लिहून द्या. टेबलावर ठेवतो नि रात्रीच्या गाडीने घरी जातो." त्याचा ओढा मनोविकारशास्त्राकडे होता, शस्त्रक्रियेत मन रमत नव्हते. झोप किती, जेवण किती, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात काय, हे आम्ही प्रथम विचारले. असे प्रश्न आडून विचारू नयेत, सरळ विचारावेत. तसे काही असते, तर राजीनाम्याच्या आधी डॉक्टर गाठावा लागता. सरकारची १४४१६ ही टेलिमानस सेवाही त्यासाठीच आहे. सुदैवाने तसे नव्हते.

राजीनामा मात्र आम्ही लिहून दिला नाही. निवासी एका रात्रीत नाहीसा झाला, की त्याच्या रात्रपाळ्या दुसऱ्या दिवशी सोबत्यांच्या अंगावर पडतात. मूळ प्रमाणपत्रे महाविद्यालयाच्या ताब्यात असतात, ती निराळीच. आणि जिच्या हाताखाली आठ महिने शिकला, तिला टेबलावरच्या कागदावरून कळावे, हे आम्हांस रुचले नाही.

"बाईंची वेळ मागून घे," आम्ही सांगितले. "राऊंडमध्ये नको, ऑपरेशन थिएटरच्या दारात तर मुळीच नको. बाह्यरुग्ण विभाग आटोपल्यावर त्यांच्या खोलीत जा. 'जाऊ का?' असे विचारू नकोस. 'ठरविले आहे' असे सांग. कारण एकच सांग, खरे सांग. विभागाची निंदा करू नकोस. कोणी छळ केला असेल, तर त्याची तक्रार स्वतंत्रपणे, लेखी कर."

तो गेला. विभागप्रमुख बाई प्रथम रागावल्या. त्यांचा राग अनाठायी नव्हता, कारण प्रवेशाच्या फेऱ्या संपल्यावर सुटलेली जागा त्या वर्षी भरता येत नाही. मग त्यांनी विचारले, "कोणी त्रास देतो का रे?" तो म्हणाला, "नाही मॅडम. मला हे काम जमते. पण जन्मभर करावेसे वाटत नाही." बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "आठ दिवस रजा घे. परत आल्यावर हेच म्हणालास, तर मी सही करीन." तो परत आला आणि हेच म्हणाला. अर्ज बाईंच्या शिफारशीने अधिष्ठात्यांकडे गेला. पुढचा तक्ता लागेपर्यंत त्याने आपल्या पाळ्या केल्या.

खरा तंटा घरी झाला. 'जागा घालविली' हे वडिलांचे पालुपद. त्यात मंडळाच्या वधूवर सूचीत 'एम. एस. चालू' असे छापून गेलेले! आणि जागा सोडल्याबद्दल बंधपत्राप्रमाणे भरावयाची रक्कम लाखांत. हे बंधपत्र विद्यार्थ्यांच्या मानसिक ताणाचे एक कारण होते, ते काढून टाकावे, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने जानेवारी २०२४ मध्ये राज्यांना कळविले. परंतु या मुलाला रक्कम भरावीच लागली. वडिलांनी शेताचा एक तुकडा गहाण टाकला. मुलगा आज एम. बी. बी. एस. च्या बळावर प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी करतो, रात्री नीट-पीजीचा अभ्यास करतो आणि दरमहा गहाणाचे हप्ते फेडतो.

आपल्या शिक्षणनिधीतून प्रवेशासाठी कर्ज मिळते, जागा सोडण्यासाठी मिळत नाही. नियम बदलावा, असा अर्ज आम्ही कार्यकारिणीकडे दिला आहे. पुढील सभेत तो विचारार्थ येईल. सभासदांनी उपस्थित राहावे.