सांधा जुळला पाहिजे : विमानवाहू नौका कशी बांधतात

(मंडळाच्या हैदराबाद येथील गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषणाचा सारांश)



गणेशोत्सवात जहाजबांधणीवर व्याख्यान कशाला, असे काही सभासदांनी आम्हाला विचारले. २०२२ साली गणेश चतुर्थी ३१ ऑगस्टला होती. त्यानंतर दोनच दिवसांनी, २ सप्टेंबरला, कोचीला 'विक्रांत' ही भारतात बांधलेली पहिली विमानवाहू नौका नौदलात दाखल झाली. त्याच समारंभात नौदलाचे नवे निशाण फडकले. त्यावरचा अष्टकोन छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला आहे. घरी गणपती असताना आपण सर्वांनी तो सोहळा दूरदर्शनवर पाहिला. एवढी नौका बांधली कशी, हे मात्र फारसे कुणी सांगितले नाही. आम्ही कारखान्यात आयुष्य घालवलेली माणसे, तेव्हा बोलणार ते कामाविषयीच.

आधी जुनी पद्धत पाहू. गोदीत जहाजाचा कणा ठेवायचा, त्यावर बरगड्या उभ्या करायच्या, बाहेरून पोलादी पत्रे लावायचे आणि रिकामे धूड पाण्यात सोडायचे. नंतर नळ, तारा, यंत्रे घेऊन कामगार अरुंद, अंधाऱ्या कप्प्यांत शिरायचे. डोक्यावरच्या छताला वेल्डिंग करताना ठिणग्या अंगावर पडायच्या. एका कप्प्यात दोघांनाच जागा. तिसऱ्याने बाहेर वाट पाहायची. वर्षे जायची ती अशी.

आताची पद्धत आपल्या मखरासारखी आहे. आपण मखराचे भाग आधीच कापतो, रंगवतो, दिव्यांच्या माळाही लावून ठेवतो आणि चतुर्थीच्या आदल्या रात्री फक्त जोडतो. जहाजाचेही असेच मोठमोठे भाग, म्हणजे ब्लॉक, शेडमध्ये तयार होतात. संगणकाच्या नियंत्रणाखाली पत्रे कापले जातात. ब्लॉक उलटा ठेवून वेल्डिंग करता येते, त्यामुळे छताचे काम कामगाराच्या पायाशी येते. नळ आणि केबलचे मार्ग आतच बसवतात, रंगही तिथेच देतात. मग असे ब्लॉक क्रेनने उचलून गोदीत एकमेकांना जोडतात. 'विक्रांत'ची लांबी २६२ मीटर, रुंदी ६२ मीटर आणि आत सुमारे २,३०० कप्पे. हे सगळे ८७४ ब्लॉक जोडून उभे राहिले. २८ फेब्रुवारी २००९ रोजी कणा ठेवण्याचा समारंभ झाला, तेव्हा त्यातले ४२३ ब्लॉक आधीच तयार होते. म्हणजे मुहूर्त झाला त्या दिवशी निम्म्याच्या आसपास ब्लॉक शेडमध्ये बांधून झाले होते.

ब्रिटनने याच पद्धतीने आणखी पुढची मजल मारली. 'क्वीन एलिझाबेथ' या ६५,००० टनी नौकेचे भाग देशातल्या सहा गोद्यांत बांधले आणि मोठ्या तराफ्यांवरून समुद्रमार्गे स्कॉटलंडमधल्या रोसाइथला आणून जोडले. त्यासाठी तिथे १,००० टन उचलणारी क्रेन उभारली होती.

आता खरी अडचण सांगतो. ब्लॉक दहा ठिकाणी बांधता येतात, पण माप सगळीकडे एकच हवे. वेल्डिंगच्या उष्णतेने पोलाद आधी फुगते, थंड होताना आकसते, कधी वाकतेही. ते किती आकसेल याचा अंदाज धरूनच पत्रा कापावा लागतो. उन्हात पोलाद प्रसरण पावते, म्हणून महत्त्वाची मापे रात्री किंवा पहाटे घेतात. शेकडो टनांचा ब्लॉक काही मिलिमीटरने चुकला, तर आतला एकही नळ पलीकडच्या नळाला जुळत नाही. मग बसवलेले कापा आणि पुन्हा जोडा.

दुसरी अडचण क्रमाची. वरचे मजले बंद होण्याआधी खालची यंत्रे आत गेली पाहिजेत. 'विक्रांत'चे मुख्य गियरबॉक्स यायला उशीर झाला. २०११च्या डिसेंबरात सुमारे १४,००० टनांचा सांगाडा गोदीतून बाहेर काढला गेला, पण रीतसर जलावतरण झाले १२ ऑगस्ट २०१३ रोजी आणि समुद्रातल्या चाचण्या २०२१ साली. एक वस्तू अडली की तिच्यामागची शंभर कामे अडतात.

सगळ्यात आधी अडले होते ते पोलाद. परदेशातून अपेक्षित असलेले पोलाद वेळेवर मिळेना. तेव्हा ते इथेच करायचे ठरले, आणि इथे म्हणजे अक्षरशः आपल्या गावात. कंचनबागच्या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेने डीएमआर २४९ हे पोलाद विकसित केले. त्याचा 'ए' प्रकार नौकेच्या सांगाड्यासाठी आणि 'बी' प्रकार विमाने उतरतात त्या धावपट्टीसाठी. 'सेल'च्या भिलाई, बोकारो आणि राउरकेला कारखान्यांनी मिळून सुमारे ३०,००० टन पोलाद पुरवले. आपण पिढ्यान्‌पिढ्या या शहरात राहतो, रोज त्या रस्त्याने जातो. पण त्या नौकेचे मूळ आपल्या शेजारी आहे, हे आपल्यापैकी कितींना ठाऊक होते?

पहिला पत्रा कापला २००५ साली आणि नौका दाखल झाली २०२२ साली. या सतरा वर्षांत कोचीत जे घडले, त्यातले बरेचसे कागदावर नाही. कोणता सांधा आधी भरायचा, पत्रा कुठे वाकतो, हे त्या वेल्डरांच्या आणि मापाड्यांच्या हातात आहे. पुढचे मोठे काम लवकर मिळाले नाही, तर ते हात दुसरीकडे जातील, काही निवृत्त होतील, आणि पुढच्या पिढीला पहिल्यापासून शिकावे लागेल. एवढी महाग विद्या अशी सांडू देणे परवडणारे नाही.

म्हणून समोर बसलेल्या मुलामुलींना आणि विशेषतः त्यांच्या आईवडिलांना सांगावेसे वाटते. आपल्या घरांत आज संगणक सोडून दुसरे शिक्षण सुचत नाही. संगणक जरूर शिका. जहाजाचा आराखडाही त्यावरच होतो. पण धातुशास्त्र, जहाजबांधणी, आयटीआयमधले वेल्डिंग, हीसुद्धा मानाची कामे आहेत. कुणी मुलगी म्हणाली, 'मला वेल्डिंग शिकायचे आहे', तर तिला हसू नका. फॉर्म आणून द्या.

 गणपती बाप्पा मोरया!