पर्वतीची टेकडी आणि बावीस मजले

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला आज बोलायला उभे केले आहे ते त्यांच्या जबाबदारीवर. मी शाळेची पायरी सातवीलाच उतरले. भजनात टाळ धरायची सवय आहे, भाषणाची नाही. तेव्हा कुठे चुकले तर हळदीकुंकवाच्या वेळी सांगा, आता सांगू नका.

विषय निघाला तो गेल्या दिवाळीत. आपल्या जिन्यातल्या एका भगिनीची मुलगी अमेरिकेत शिकागोला असते, ती आली होती. ती म्हणाली, तिकडेही माणसे न्यूयॉर्क चांगले की शिकागो चांगले यावरून आपल्या मुंबई-पुण्यासारखी भांडतात. उंच इमारतींची सुरुवात शिकागोने केली म्हणे. १८८५ साली तिथे लोखंडी सांगाड्यावर दहा मजली इमारत उभी राहिली, तिलाच पुष्कळजण पहिली गगनचुंबी इमारत मानतात. मग १९३१ साली न्यूयॉर्कने १०२ मजल्यांची एम्पायर स्टेट बांधली. हे सगळे मी ऐकून घेतले, पण मनात राहिले ते निराळेच. शिकागोत घरांच्या मागून गल्ली असते आणि कचरा मागच्या मागे जातो. न्यूयॉर्कच्या मुख्य बेटावर तशी गल्ली बहुतेक ठिकाणी नाही, म्हणून वर्षानुवर्षे लोक कचऱ्याच्या पिशव्या पुढच्या फुटपाथवरच ठेवत आले. मी म्हटले, "अगं, एवढे १०२ मजले चढवले आणि हाऊसगल्ली ठेवायची विसरले!" सगळ्या हसल्या, आणि चिटणीसबाईंनी तेवढ्यावरच माझे नाव लिहून घेतले.

पण मी न्यूयॉर्क पाहिलेले नाही आणि शिकागोही पाहिलेले नाही. मला माहीत असलेली मोठी शहरे दोनच. एक माझे माहेर आणि एक सासर.

माझा जन्म पुण्याचा, पर्वतीच्या पायथ्याशी दोन खोल्यांत. दार उघडले की समोर टेकडी. तिच्या १०३ पायऱ्या मी परकरात चढले आहे, साडीत चढले आहे. वरून शहर दिसे ते कौलांचे, झाडांचे, देवळांच्या कळसांचे, आणि हवा स्वच्छ असली की पलीकडे सिंहगड. आमच्याकडे पत्ता सांगायचा तो टेकडीच्या कुठल्या अंगाला, असा. आजी पानशेतच्या पुराची हकीकत सांगे. १२ जुलै १९६१ ला धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, तेव्हा माणसे लेकरे काखोटीला मारून पर्वतीवर चढून बसली होती. म्हणजे टेकडी नुसती बघण्यापुरती नव्हती.

१९९८ साली लग्न होऊन मी इथे पंतनगरात आले. सासरे गिरणीत होते. ते सांगत, त्यांच्या तरुणपणी लालबाग-परळचे आभाळ म्हणजे धुराडी. कुठले धुराडे कुठल्या गिरणीचे हे ते लांबून ओळखत. १९८२ च्या जानेवारीत संप झाला, पुढे एकेक गिरणी बंद पडली आणि त्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. लोअर परळला श्रीनिवास मिलच्या जागेवर वर्ल्ड वन म्हणून इमारत आहे, ती २८० मीटर उंच. दोन वर्षांपूर्वी मंडळाची सहल फोर्टात गेली होती तेव्हा आपण राजाबाई टॉवर पाहिला, आठवते ना? तो १८७८ साली पुरा झाला तेव्हा मुंबईत त्याहून उंच काही नव्हते. त्याची उंचीही २८०, पण फुटांत! प्रेमचंद रायचंदांनी आपल्या आईच्या नावाने पैसे दिले. म्हातारीला दिसत नव्हते आणि सूर्यास्तापूर्वी जेवायचा तिचा नेम, म्हणून घड्याळाचे टोले, असे सांगतात. खरे असो नसो, एवढा मनोरा एका बाईच्या जेवणाच्या वेळेसाठी ही कल्पना मला फार आवडली. पुढच्या मनोऱ्यांत बाईच्या कुठल्या वेळेचा विचार झाला असेल, देव जाणे.

आपल्या उपनगरांचे आभाळ मात्र धुराड्यांचेही नव्हते आणि मनोऱ्यांचेही. चारमजली इमारती, गुलमोहर, पाण्याच्या टाक्या. मेट्रोने अंधेरीला जाताना असल्फ्याची टेकडी लागते. २०१७ च्या अखेरीला तिथल्या घरांना रंग दिले, तेव्हापासून गाडीतली माणसे फोन काढून फोटो घेतात. आमच्या भजनात तिथली एक बाई येते. ती म्हणाली, "ताई, रंग छान आहे, पण हंडा घेऊन पायऱ्या चढताना रंग दिसत नाही." पुण्यात टेकडीवर फिरायला जातात, आपल्याकडे टेकडीवर राहायची वेळ येते. जुलै २००० मध्ये घाटकोपरच्या डोंगराची दरड वस्तीवर कोसळली तो दिवस इथल्या जुन्या माणसांना विसरता येत नाही.

आता राहायला कुठले शहर चांगले, याची सरकारनेही परीक्षा घेतलेली आहे बरे का. २०१८ साली केंद्र सरकारने यादी काढली, तीत पुणे पहिले, नवी मुंबई दुसरी, आपली मुंबई तिसरी. माझ्या भावाचा लगेच फोन. २०२१ साली पुन्हा यादी आली, त्यात बंगळूर पहिले, पुणे दुसरे आणि मुंबई दहावी. तेव्हा तर तो बोलायचा थांबेचना. मी यादीशी भांडत नाही. पुण्याची हवा, पुण्याचे पाणी यांची आठवण मला अजून येते. पण गेल्या वर्षी मी पुण्यात दहा आठवडे काढले, आणि जे पाहिले ते कुठल्या यादीत मांडतात कोण जाणे.

माझा मुलगा हिंजवडीला नोकरीला आहे. वाकडला चौदाव्या मजल्यावर भाड्याने राहतो. वाकड म्हणजे खरे तर पिंपरी-चिंचवडची हद्द, पण तिथे सगळे आपण पुण्यातच राहतो असे सांगतात. तो स्कूटरवरून पडला, पाय प्लास्टरमध्ये, म्हणून मी गेले. एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे, तेवढे सुख. घर सुंदर. दोन लिफ्ट, खाली बाग, पोहायचा तलाव. गॅलरीत उभे राहिले की समोर तसेच मनोरे आणि मधून हमरस्ता. पर्वती कुठल्या दिशेला हेही मला पहिले चार दिवस उमगले नाही. माहेरच्या गावात मी दिशा चुकले!

पहिल्याच आठवड्यात कळले की तिथे बाईला स्कूटर येत असली तर ती राणी, नाहीतर कैदी. बायका तोंडाला ओढणी गुंडाळून भर्रकन निघून जातात, बघून कौतुक वाटते. मला साधी सायकल येत नाही. भाजीला जायचे तर मोठा रस्ता ओलांडायचा आणि फुटपाथ मध्येच संपतो. रिक्षा हाताला थांबत नाही, फोनवरून मागवायची. एकदा पर्वतीला जायचे मनात घेतले. दोन बस बदलल्या, दीड तास गेला. वर चढून बघितले तर कौलांच्या जागी गच्च्या आणि कडेने मनोऱ्यांचा वेढा, पण सिंहगड होता तिथेच होता. फार बरे वाटले. उतरताना पुन्हा दीड तास डोळ्यांपुढे उभा राहिला.

इथे माझी काय मिजास! दहा मिनिटे चालले की स्टेशन. बायकांच्या डब्यात भाजी निवडून होते, गजरा घेऊन होतो, एखादीच्या मुलीचे स्थळही ठरते. तिकडे पश्चिम रेल्वेवर १९९२ साली चर्चगेट-बोरिवली अशी नुसती बायकांची गाडी सुरू झाली, माझ्या नणंदेने कित्येक वर्षे तीच धरली. गर्दी आहे, जीव नकोसा होतो, नाही म्हणत नाही. पण सातवी शिकलेली बाई हातात पिशवी घेऊन कुणाला न विचारता या टोकापासून त्या टोकाला जाऊन येते, हे मोठेच आहे.

मुलाला तिसऱ्या आठवड्यात रात्री ताप चढला. औषध संपलेले. खालच्या पहारेकऱ्याला फोन केला तर माझे नाव त्यांच्या नोंदीत नव्हते. समोरचे दार तीन आठवड्यांत एकदाही उघडे दिसले नव्हते. शेवटी तेच वाजवले. लातूरकडची तरुण मुलगी. तिने एक शब्द न विचारता चावी घेतली आणि मला मागे बसवून औषधवाल्याकडे नेले. परत आल्यावर म्हणाली, "काकू, दोन वर्षांत आमची बेल कुणी वाजवली नव्हती." माणसे वाईट नाहीत हो. सकाळी आठला दार ओढतात ती रात्री नऊला उघडतात, एवढेच.

मग मी आपला इथला धंदा तिथे सुरू केला. चौदाव्या मजल्यावरच्या आणि तेराव्यावरच्या मिळून पाच-सहाजणी जमवल्या. दर मंगळवारी संध्याकाळी लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेत चटई टाकायची, दोन अभंग म्हणायचे, चहा प्यायचा. आषाढी एकादशीला अकराजणी आल्या. आणि बुधवारी सोसायटीचा कागद आला: सामाईक जागेत बसू नये. आम्ही विचारले, मग कुठे बसावे? बागेत तर पाऊस. खालचा हॉल भाड्याने आणि तोही आधी पैसे भरून. कुणी दुष्टपणे केले असे नाही. इमारतीचा नकाशा काढताना पाच बायका एकत्र बसतील हे कुणाच्या डोक्यातच आले नाही, मग नंतर जागा कुठून निघणार?

हे मी आज का सांगते, ते तुम्ही ओळखले असेलच. आपल्या इमारतीचा पुनर्विकास होणार आहे. बावीस मजल्यांचे रंगीत चित्र सोसायटीच्या खोलीत लावले आहे. आभाळ निळेशार, आणि एकाही गॅलरीत वाळत घातलेला कपडा नाही. मुलगा म्हणतो, नवी जागा मिळाली की विका आणि पुण्याला या. ह्यांचेही मन तिकडेच झुकते आहे. काही भगिनींना वाटते की सहीच करू नये, मेंटेनन्स झेपणार नाही, होते तेच बरे.

होते ते बरे, हे मलाही वाटते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. हे अंधेरीच्या कारखान्यात अडकले होते, साकीनाक्यावरून पाण्यातून चालत दुसऱ्या दिवशी सकाळी पोचले. सहा वर्षांचे पोर घेऊन मी रात्रभर जागी होते, पण एकटी नव्हते. जिन्यातली सगळी दारे उघडी होती आणि एकाच पातेल्यात खिचडी शिजली होती. आता मेट्रोने ते अंतर वीस मिनिटांच्या आत कापते, तरी तो जिना मी विसरणार नाही.

पण त्याच जिन्यामुळे माझ्या सासूबाई गेली दोन वर्षे खाली उतरलेल्या नाहीत. तिसरा मजला, लिफ्ट नाही. भाजीवाला आला की त्या दोरीने टोपली सोडतात, तेवढेच त्यांचे बाहेर जाणे. मागच्या पावसाळ्यात न्हाणीत पडल्या तेव्हा चार मुलांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली नेले, म्हणून वेळेवर दवाखाना मिळाला. मी त्यांना म्हटले, "आई, बावीस मजल्यांत तुमची टोपली कुठवर पोचणार?" त्या म्हणाल्या, "मला टोपली नको. मला लिफ्ट पाहिजे. मी स्वतः भाजी दाबून बघीन." त्यावर मला काही बोलता आले नाही. जुन्या जिन्याचे गुणगान आपण गुडघे चांगले असलेल्या बायका करतो.

म्हणून माझे मत असे की सही करावी, पण आधी नकाशा वाचावा. मी माझ्या पुतणीला बसवून तो वाचून घेतला. गाड्यांसाठी तीन मजले आहेत. व्यायामाची खोली आहे. सोसायटीचे ऑफिस आहे. आपले मंडळ इतकी वर्षे तळमजल्यावरच्या ज्या खोलीत भरते, तिच्या बदल्यात काही नाही. बायकांना बसायला जागा नाही, कपडे वाळत घालायला जागा नाही, आणि लिफ्ट बंद पडली तर म्हाताऱ्या माणसाला टेकायला मधल्या मजल्यांवर एक बाक नाही. मी विचारले तर उत्तर मिळाले, नंतर बघू. नंतरचे काय होते ते मी वाकडला पाहून आले आहे. एकदा स्लॅब पडला की बाईची खोली कुणी भिंत फोडून काढून देत नाही. तळमजल्यावर मंडळाची खोली, भाडे न घेता, हे करारात लिहून आल्याशिवाय माझी सही नाही. मुलाला मी तसे कळवले आहे, आणि खोली झाली तर मी पुण्याला येणार नाही हेही कळवले आहे. तो रागावला आहे, पण पुढच्या आठवड्यात चकल्या न्यायला येणार आहे.

रविवारी चार वाजता सभा आहे. पुरुषमंडळी बोलतील आणि आपण मागे सतरंजीवर बसू, असे ह्या वेळी नको. सासूबाईही सभेला यायचे म्हणतात, त्यांच्याही नावावर हिस्सा आहे. तेव्हा खुर्ची उचलायला चार धट्टीकट्टी मुले लागतील. ज्यांची मुले रविवारी घरी असतील त्यांनी मला जाताना सांगून जावे.