दुखणं बोलायला शिकूया

(इंदूरच्या आपल्या मंडळात गेल्या गणेशोत्सवात एका फिजिओथेरपिस्ट भगिनींनी दिलेलं व्याख्यान)



आरती झाल्याझाल्या गुडघ्यांवर भाषण ठेवलं म्हणून कार्यकर्त्यांनी आधीच माझी माफी मागितली. पण मगाशी आरतीला उभी असताना मी मागे वळून पाहिलं. माझ्या लहानपणी अथर्वशीर्षाच्या आवर्तनांना याच सभागृहात बायका सतरंजीवर मांडी घालून बसायच्या. आता सतरंजी एक आणि खुर्च्यांच्या रांगा चार. त्या खुर्च्यांवरच्या काही गुडघ्यांना मी स्वतः व्यायाम दिलेला आहे. काहींचं ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलं आहे, असंही आत्ता कळलं. तेव्हा विषय अगदी योग्य जागी आला आहे.

गुडघा बदलण्याचं ऑपरेशन कसं करतात, ते सर्जन सांगतील. मी बोलणार आहे ते नंतरच्या दुखण्याबद्दल. या बाबतीत माझ्या हातून दोन चुका झाल्या. त्या सांगितल्या तर तुमच्या उपयोगी पडतील.

पहिली चूक एका काकूंच्या बाबतीत. त्यांना घरच्यांनी सांगितलं होतं, "एकदा ऑपरेशन झालं की दुखणं संपलं." पहिल्या दिवशी तसंच वाटलं. काकू हसत होत्या, वॉकर धरून चार पावलं चालल्याही. दुसऱ्या दिवशी दुपारपासून गुडघा असा ठणकू लागला की त्यांनी ठरवूनच टाकलं, ऑपरेशन बिघडलं. गुडघा वाकवायला गेलं की माझा हात बाजूला सारायच्या. घरी गेल्यावर सूनबाई म्हणाल्या, "आईंना इतकं दुखतंय तर राहू दे ना." राहू दिलं. सहा आठवड्यांनी आल्या तेव्हा गुडघा जेमतेम साठ अंशांपर्यंत वाकत होता. शेवटी पुन्हा भूल देऊन तो वाकवावा लागला.

मी त्यांना काय दिलं होतं? व्यायामांची चित्रं असलेला एक हिंदी कागद. दुखण्याबद्दल त्यावर एक अक्षर नव्हतं. ऑपरेशनच्या वेळी नसांजवळ बधिर करणारं औषध देतात, त्याचा असर साधारण दिवसभरात ओसरतो, म्हणून दुसरा दिवस पहिल्यापेक्षा जड जातो, एवढं एक वाक्य मी बोलले असते तर त्या घाबरल्या नसत्या.

म्हणून आज वेळापत्रकच सांगते. पहिले दोन आठवडे सर्वांत कठीण. हाडाचे झिजलेले पृष्ठभाग कापून तिथे धातूचे भाग आणि मध्ये प्लास्टिकची चकती बसवलेली असते. आजूबाजूचं मांस, आवरणं, कातडी हे सगळं भरून यायचं असतं. सहा आठवड्यांपर्यंत दुखणं बरंच उतरतं. तीन महिन्यांनी बहुतेक जण रोजची कामं करू लागतात. गुडघ्याची ऊब आणि सूज मात्र काही महिने राहू शकते, आणि सुधारणा वर्षभर होत राहते. टाक्याच्या बाहेरच्या अंगाला थोडी जागा बधिर वाटते. तिथली कातडीची बारीक नस कापली जाते म्हणून तसं होतं. चालताना टक् असा आवाज येतो, तो धातू आणि प्लास्टिकचा. यातलं काहीही ऑपरेशन बिघडल्याची खूण नाही.

आता जरा मुळाशी जाऊ. जितकं दुखतं तितकी इजा, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी गंभीर जखमी सैनिकांना विचारलं, वेदनेसाठी औषध हवं का? बहुतेकांनी नको म्हटलं. जखमा मोठ्या होत्या, पण त्यांच्या लेखी जखमेचा अर्थ होता, "जिवंत सुटलो, आता घरी." आपल्या काकूंच्या लेखी ठणक्याचा अर्थ होता, "पैसे गेले, पायही गेला." अर्थ बदलला की दुखण्याची धार बदलते. याचा अर्थ दुखणं मनाचे खेळ असतात असा मुळीच नाही. दुखणं खरंच असतं. पण ते मेंदूपर्यंत जाताना वाटेत कमीजास्त होतं. कोपर दारावर आपटलं की आपण लगेच चोळतो आणि बरं वाटतं, हा सगळ्यांचा अनुभव आहे. मेलझॅक आणि वॉल या दोघांनी १९६५ साली त्याचं कारण मांडलं. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत जणू एक फाटक आहे. स्पर्शाच्या संवेदना ते थोडं लोटून घेतात, आणि मेंदूकडून येणारे संदेशही ते उघडझाप करतात. भीती आणि जागरण फाटक उघडतात, धीर आणि समजूत ते लोटून घेतात.

समजावल्याने खरंच फरक पडतो का? १९६४ साली अमेरिकेत एग्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोटाचं ऑपरेशन होणाऱ्या ९७ रुग्णांवर एक प्रयोग केला. निम्म्यांना भूलतज्ज्ञांनी आधीच सांगितलं, कुठे दुखेल, किती दिवस दुखेल, कूस कशी वळायची, अंग सैल कसं सोडायचं. बाकीच्यांना यातलं काही सांगितलं नाही. ज्यांना सांगितलं त्यांना पुढे मॉर्फिनसारखी औषधं जवळजवळ निम्मीच लागली, आणि ते सरासरी अडीच दिवसांहून अधिक लवकर घरी गेले. गुडघ्याच्या रुग्णांवरच्या पुढच्या अभ्यासांत इतका ठळक फरक दिसलेला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते. समजावून दुखणं नाहीसं होत नाही. पण भीती उतरते, आणि भीती उतरली की माणूस गुडघा वाकवतो. मला तेवढं पुरे आहे.

आता दुसरी चूक. काकूंच्या अनुभवानंतर मी शहाणी झाले आणि प्रत्येकाला बजावू लागले, "दुखेल हं, सहन करा." एक आजोबा होते, कापड गिरणीत आयुष्य गेलेले, कधी हूं की चूं न करणारे. नवव्या दिवशी त्यांच्या घरी व्यायामाला गेले तर एका पायाची पोटरी चांगलीच सुजलेली. हात लावला तर कळवळले. मी विचारलं, "आजोबा, कधीपासून आहे हे?" म्हणाले, "चार दिवस झाले. तुम्हीच म्हणाला होतात ना बाई, सहन करा म्हणून."

तपासणीत पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी निघाली. वेळेवर औषधं सुरू झाली आणि आजोबा बरे झाले. पण ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली असती तर माझं ते एक वाक्य त्यांच्या जिवावर बेतलं असतं. त्या दिवसापासून "सहन करा" हे दोन शब्द मी सोडले. आता मी म्हणते, "दुखलं की बोला, आणि नीट बोला."

नीट म्हणजे कसं? इथे आपली मराठी कामाला येते. इस्पितळात नर्स हिंदीत विचारते, "दर्द है? दस में से कितना?" आपली आजी म्हणते, "है", आणि गप्प बसते. तीच आजी घरी लेकीला सांगते, "सकाळी आखडल्यासारखं होतं, संध्याकाळी ठणका लागतो, आणि मधूनच चमक येते." किती माहिती आहे त्यात! मगाशी सांगितलेल्या मेलझॅक यांनी १९७५ साली कॅनडात वेदनेच्या ७८ शब्दांची प्रश्नावली केली, कारण वेदना कशी आहे यावरून ती कसली आहे याचा अंदाज येतो. आपल्याकडे तर हे शब्द आजीच्या तोंडीच आहेत. आकडा सांगाच, पण शब्दही सांगा. डॉक्टरांना मराठी येत नसेल तर शेजारी बसलेल्या नातवाने हिंदीत सांगावं.

ओढ बसते, ताण येतो, जड वाटतं, आखडतं, हे व्यायामाचं दुखणं. संध्याकाळचा ठणका बहुधा सुजेचा. पाय उंच ठेवा आणि फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं लावा. आग होते, मुंग्या येतात, विजेसारखी चमक येते, हे नसांचं. बहुतेकदा ते हळूहळू विरतं, पण डॉक्टरांना सांगा, कारण त्याची औषधं वेगळी असतात.

आणि हे ऐकलं की थांबायचं नाही: पोटरी सुजली, दाबली की दुखते. ताप आणि हुडहुडी. जखमेची लाली वाढते, ठसठसते, त्यातून पाणी किंवा पू येतो. उतरत आलेलं दुखणं अचानक उसळलं. पडल्यावर पायावर भार देता येत नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. छातीत दुखलं किंवा एकाएकी दम लागला तर फोनाफोनी नको, सरळ इस्पितळ.

व्यायाम किती करावा, याचं माझं साधं माप असं. व्यायामानंतर वाढलेलं दुखणं तासाभरात बसलं आणि दुसऱ्या सकाळी कालच्यापेक्षा जास्त नसलं, तर प्रमाण बरोबर. रात्रभर ठणकलं तर दुसऱ्या दिवशी थोडं कमी करा, पण बंद करू नका. दिवसातून एकदाच घाम गाळण्यापेक्षा चार-पाच वेळा थोडं थोडं बरं.

गोळ्यांबद्दल दोन टोकं दिसतात. एक, "गोळ्यांची सवय लागेल" म्हणून न घेणारे. दुसरे, शेजाऱ्यांच्या डब्यातली घेणारे. सुरुवातीचे दिवस लिहून दिलेली गोळी लिहून दिलेल्या वेळी घ्या, आणि व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी येईल अशी वेळ डॉक्टरांना विचारून बसवून घ्या. मूत्रपिंडाचा किंवा अल्सरचा त्रास असेल तर आधीच सांगा, कारण काही वेदनाशामकं अशांना चालत नाहीत.

एक गोष्ट घरच्यांसाठी. रात्री बरं वाटतं म्हणून प्रेमाने गुडघ्याखाली उशी देऊ नका. गुडघा वाकलेलाच राहतो आणि पुढे सरळ होत नाही. उशी टाचेखाली द्या. भेटायला येणाऱ्यांनीही "आमच्या मामींचा पाय कायमचा गेला" छापाच्या कथा बाहेरच ठेवून याव्यात. मगाशी ते फाटक सांगितलं ना, ते अशा कथांनी सताड उघडतं.

आणि एक कडू गोष्ट. सगळं नीट करूनही पाचातल्या साधारण एकाला पुढे काही ना काही दुखणं राहतं. हे ऑपरेशनच्या आधी सांगायला हवं. ज्याला सांगितलेलं असतं तो पुन्हा तपासायला येतो, उपाय शोधतो. ज्याला सांगितलेलं नसतं तो स्वतःला दोष देत कोपऱ्यात बसतो. जमिनीवर मांडी घालणंही बहुतेकांना पुढे जमत नाही. तेव्हा खुर्चीवर बसून अथर्वशीर्ष म्हणायची लाज वाटू देऊ नका. बाप्पा खाली-वर पाहत नाही.

त्या काकू आज इथेच आहेत. नाव सांगणार नाही, पण त्यांनी आज मोदकांसाठी उभं राहून नारळ खवला, असं मला स्वयंपाकघरातून कळलं आहे. ज्या बायकांचं ऑपरेशन ठरतं, त्यांना त्या आधी घरी बोलावतात आणि सांगतात, "दुसऱ्या दिवशी फार ठणकेल. घाबरू नकोस, पण सांगत राहा." माझ्या त्या कागदापेक्षा हे शिक्षण कितीतरी चांगलं आहे.

 आता प्रसादाला उठताना दोन्ही हात खुर्चीवर टेकून सावकाश उठा.

गणपती बाप्पा मोरया!