चंद्याचे पुस्तक आणि यंत्राचे बैल
(पोहरादेवी येथे संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)





चिटणीस साहेबांनी मला 'दहावीनंतर काय?' हा विषय दिला होता. तो मी बदलून घेतला. त्याला कारण याच शाळेतली एक मुलगी. नाव सांगत नाही. तिचे अब्बा समोरच बसले आहेत. मागच्या खेपेस मी आलो तेव्हा तिने मला आपली वही दाखवली. पुढच्या पानांवर भूमिती आणि मागच्या पानांवर चित्रे. मोठ्या डोळ्यांची माणसे, आकाशातून चाललेला लमाणांचा तांडा, आणि त्या तांड्यात मिठाची पोती वाहणारे बैल, तेही यंत्राचे! तिने विचारले, "सर, याचा पिक्चर होऊ शकतो का? मुंबईला न जाता?" मी "बघू" म्हणालो. 'बघू' हे आम्हा वडीलधाऱ्यांचे सर्वांत स्वस्त उत्तर. आज जरा महाग उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

अ‍ॅनिमे म्हणजे जपानी धाटणीचा हलत्या चित्रांचा चित्रपट. पालकहो, नाव नवे वाटले तरी वस्तू तुमच्या घरात आहे. तुमची मुले जेवताना जो निळा डोरेमॉन पाहतात, तो बाविसाव्या शतकातून आलेला यंत्रमांजर आहे, म्हणजे विज्ञानकथाच. जपानात असे चित्रपट बहुधा 'निर्मिती समिती'च्या भांडवलावर निघतात. प्रकाशक, दूरचित्रवाणी वाहिन्या, गाण्यांच्या कंपन्या, खेळण्यांचे कारखानदार एकत्र येऊन पैसा घालतात, आणि हक्कही बहुतांशी त्यांच्याकडेच राहतात. चित्रे काढणाऱ्या स्टुडिओला ठरलेली मजुरी मिळते, आणि नवख्या चित्रकाराला तर चित्रागणिक तुटपुंजी रक्कम. म्हणून काहींनी दुसरी वाट धरली. २००२ साली मकोतो शिंकाई या तरुणाने 'होशी नो कोए' हा सुमारे पंचवीस मिनिटांचा अंतराळपट जवळजवळ एकट्याने, घरच्या संगणकावर केला. पुढे काहींनी थेट प्रेक्षकांपुढे हात पसरला. २०१२ साली 'किक-हार्ट' या लहानशा चित्रपटासाठी लोकांनी दोन लाखांहून अधिक डॉलर दिले. २०१३ साली 'लिटल विच अकॅडेमिया'च्या कर्त्यांनी दीड लाख डॉलर मागितले, तर सव्वासहा लाख जमले. 'अंडर द डॉग' ही विज्ञानकथा २०१४ साली लोकांपुढे आली. पावणेनऊ लाख डॉलर गोळा झाले आणि त्यातून २०१६ साली एक भाग निघाला. मालिका नव्हे, एक भाग! हा आकडा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता तुम्ही म्हणाल, हे जपानचे झाले. पण याला इंग्रजीत काहीही म्हणोत, आपल्याकडे याला लोकवर्गणी म्हणतात, आणि आपल्या बिरादरीत चंदा. ज्या इमारतीत आपण बसलो आहोत ती चंद्यावर उभी राहिली. मग चित्रपट का नाही? १९७६ सालचा 'मंथन' गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन काढला. श्याम बेनेगल यांचे दिग्दर्शन, पटकथेत आपले विजय तेंडुलकर, पडद्यावर आपली स्मिता पाटील. आणि शेतकरी आपलाच चित्रपट म्हणून तो पाहायला गेले.

त्याहून जुने उदाहरण दादासाहेब फाळक्यांचे. त्यांनी आधी पैसा मागितला नाही, आधी नमुना दाखवला. कुंडीत वाटाणा लावला, कॅमेऱ्यापुढे ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ थोडीथोडी चित्रे घेत गेले. पडद्यावर बी फुटून वेल वर चढताना क्षणात दिसली, तेव्हा सावकाराचा विश्वास बसला. सरस्वतीबाईंचे दागिनेही त्यात गेले. त्यातून १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला. अगदी हेच शंभर वर्षांनी जपानच्या सुनाओ काताबुची यांनी केले. २०१५ साली ३,३७४ लोकांनी त्यांना सुमारे ३ कोटी ९० लाख येन दिले. तेवढ्यात चित्रपट होणार नव्हता, पण नमुना तयार झाला, माणसे जमली, आणि तो नमुना पाहून मोठे भांडवल पुढे आले. चित्रपटाच्या शेवटी त्या वर्गणीदारांची नावे आहेत.

आणि मालेगाव! आपल्या जिल्ह्यातले नव्हे, नाशिक जिल्ह्यातले, यंत्रमागांचे. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' काढला. पुढे त्यांनी यंत्रमागावर काम करणाऱ्या शफीक शेख या काटकुळ्या तरुणाला सुपरमॅन केले. पाठीमागे हिरवे कापड लावून त्याला आकाशात उडवले. त्याची लढाई तंबाखूवाल्या खलनायकाशी. आणि शफीकच पुढे तोंडाच्या कर्करोगाने गेला. या माणसांवर फैझा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा अनुबोधपट केला आणि २०२५ साली रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' देशभर लागला. स्टुडिओ त्यांच्याकडे नव्हता. पण एक इशारा देतो. सुपरमॅन दुसऱ्याचा आहे. हौसेसाठी नारुतो खुशाल काढा, परंतु त्याच्या नावावर लोकांकडून पैसा मागू नका. यंत्राचे बैल मात्र या मुलीचे स्वतःचे आहेत. ज्या गावात रामनवमीला देशभरचा बंजारा समाज लोटतो, जिथे ५ ऑक्टोबर २०२४ ला नगाऱ्याच्या आकाराचे संग्रहालय उघडले, त्या गावात बसून तिने ते पाहिले. टोकियोच्या मुलाला ते सुचले नसते. फक्त कथा तांड्याची असेल, तर तांड्यातल्या मैत्रिणींना सोबत घ्या, त्यांच्या आजीला विचारा.

आता थोडे हिशेबाचे बोलू. पडद्यावर सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात. जपान्यांनी काटकसर केली. एक चित्र तीन चौकटी ठेवायचे, म्हणजे सेकंदाला आठ चित्रे. मिनिटाला ४८०. तीन मिनिटांना १,४४०. आठ मुलांनी रोज दहा चित्रे काढली तर अठरा दिवस. रंग, पार्श्वभूमी आणि आवाज वेगळे. सॉफ्टवेअरला पैसे लागत नाहीत. क्रिता आहे, ब्लेंडर आहे. ब्लेंडरची गोष्ट तर मजेशीर. २००२ साली तो बंद पडण्याच्या बेतात असताना लोकांनी सात आठवड्यांत एक लाख युरो वर्गणी जमवून तो विकत घेतला आणि जगाला मोफत दिला. त्याच ब्लेंडरवर लॅटव्हियात केलेल्या 'फ्लो' या चित्रपटाला २०२५ साली ऑस्कर मिळाले.

इतके सांगितल्यावर आता माझी लाज सांगतो. कॉलेजात असताना आम्ही पाच मित्रांनी एक लघुपट काढायचे ठरवले. बाजारात फिरून सातशे चाळीस रुपये जमवले. पावती दिली नाही. आपलीच माणसे, पावती कशाला! कॅमेरा भाड्याने आणला, शूटिंग केले, आणि धुऊन आलेली अर्धी फिल्म कोरी निघाली. उरलेल्या पैशांचे काय झाले ते कोणालाच नीट आठवेना. आम्ही ही गोष्ट कोणालाही सांगितली नाही, इतकेच काय, वर्गणीदारांची गल्ली टाळू लागलो. एका शिंपी चाचांनी अकरा रुपये दिले होते. ते भेटले की विचारत, "बेटा, पिक्चर कधी?" त्यात टोमणा नव्हता, त्यांना खरेच पाहायचा होता. पाच-सहा वर्षे ते विचारत राहिले, मग विचारायचे थांबले. ते विचारायचे थांबले, याचे मला अधिक लागले. चाचा आता नाहीत.

म्हणून मुलांनो, चंद्याचा पैसा ही अमानत आहे, आणि ती पहिल्या दिवसापासून वहीत दिसली पाहिजे. पावती पुस्तक शाळेच्या नावाचे असावे, त्यावर एका शिक्षकाची आणि एका पालकाची सही असावी. 'नफ्यात वाटा देऊ' असे चुकूनही म्हणू नका. ती कायद्याची वेगळी बाब आहे आणि मोठ्यांनाही झेपत नाही. त्याऐवजी चित्रपटाच्या शेवटी नाव द्या, एक मूळ चित्र द्या. पावणेनऊ लाख डॉलरांत एक भाग झाला हे आठवा आणि तीन मिनिटांच्या वर बोलू नका. दर महिन्याला फलकावर लिहा: इतके आले, इतके गेले, इतकी चित्रे झाली. आणि बिघडले तर तेही लिहा. आम्ही 'फिल्म कोरी निघाली' असा एक कागद बाजारात लावला असता, तर चाचांनी बहुधा आणखी अकरा रुपये दिले असते.

पालकहो, तुमची शंका मला ठाऊक आहे: यात पोट भरेल का? खरे सांगतो, मला तशी हमी देता येत नाही. जपानातही भरत नाही म्हणून कित्येक तरुण चित्रकार हे काम सोडतात. मी एकाही मुलाला बारावी सोडायला सांगणार नाही. तसबिरीबद्दलही घरोघरी मते निराळी आहेत. तो विषय जाणकारांचा, आणि घरच्यांना विचारल्याशिवाय कोणत्याही मुलाने यात पडू नये. पण मूल चित्र काढत होते म्हणून मागे पडले, हे सरसकट मानू नका. त्या मुलीची भूमिती मी तपासली आहे. बैलाच्या पायाचा कोन बरोबर यावा म्हणून तिने कोनमापक वापरला होता.

तर फाळक्यांप्रमाणे आधी वाटाणा. येत्या सुटीत अर्ध्या मिनिटाचा नमुना, २४० चित्रे, चंदा अजिबात नाही. कागद देण्याचे चिटणीस साहेबांनी कबूल केले आहे, शाळेचा संगणक संध्याकाळी मोकळा असतो, आणि मुलींसोबत थांबायला एक शिक्षिका तयार आहेत. नमुना पुढच्या वर्षी याच मंडपात दाखवू. लोकांना आवडला तर पावती पुस्तक छापू आणि पहिली पावती माझ्या नावाने फाडावी, अकरा रुपयांची.

मुलीच्या अब्बांना माझी एकच विनंती आहे: रोज संध्याकाळचा एक तास द्यावा. ते मान हलवत आहेत. ती हो म्हणून की नाही म्हणून, हे मला इथून नीटसे दिसत नाही. कार्यक्रम संपला की त्यांच्यासोबत चहा घेतो.