भिंतीची किंमत आणि रंगाऱ्याचा वाटा



चित्रकार, कलाशिक्षक आणि रंगारी यांच्या या संमेलनाच्या अध्यक्षपदासाठी तुम्ही माझं नाव सुचवलंत, त्याबद्दल आभार मानतो. अध्यक्षाने वर्षभराच्या कलाव्यवहाराचा आढावा घ्यावा अशी आपली प्रथा आहे. मी ती मोडणार आहे. आज एकाच विषयावर बोलायचं आहे, आणि तो थोडा अडचणीचा आहे. कारण या सभागृहात दोन्ही बाजूंची माणसं आहेत. पुढच्या रांगेत गॅलरीवाले आहेत आणि मागच्या रांगांत परांचीवर चढणारे. ही बैठक कुणी मुद्दाम अशी केलेली नाही, असं स्वागताध्यक्षांनी मला खात्रीने सांगितलं आहे.

रस्त्यावरचं चित्र गॅलरीत जातं, तिथून लिलावात जातं, तेव्हा पैसा कुणाच्या खिशात पडतो, एवढंच मला विचारायचं आहे.

ओळख लपवून भिंती रंगवणाऱ्या बँक्सीची गोष्ट तुम्ही सगळ्यांनी ऐकली आहे. ऑक्टोबर २०१८, लंडनचं सदबीज लिलावघर. फुगा सुटलेल्या मुलीचं चित्र दहा लाख पौंडांवर विकलं गेलं आणि हातोडा पडताक्षणी चौकटीत लपवलेल्या यंत्राने ते अर्ध्यापर्यंत कातरलं. बाजाराच्या थोबाडीत मारली म्हणून जगभर टाळ्या पडल्या. ज्या बाईंनी ते घेतलं होतं त्यांनी ते कातरलेलंच ठेवून घेतलं. तीन वर्षांनी तेच चित्र, नवं नाव लावून, त्याच लिलावघरात एक कोटी ८५ लाख पौंडांच्या वर गेलं. म्हणजे थोबाडीत मारण्याचीही बोली लागते. यावर बरंच लिहून झालं आहे. मला त्यात फारसा रस नाही, कारण तो कॅनव्हास होता आणि कॅनव्हास विकण्यासाठीच असतो.

मला उत्तर लंडनच्या वूड ग्रीनमधली भिंत जास्त महत्त्वाची वाटते. मे २०१२ मध्ये, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची धामधूम चालू असताना, एका दुकानाच्या बाजूच्या भिंतीवर बँक्सीने एक मुलगा काढला. गुडघ्यावर बसून शिवणयंत्रावर ब्रिटिश झेंड्यांची तोरणं शिवणारा. दुकान कसलं, तर कुठलीही वस्तू एका पौंडाला देणारं. आता हे सगळं एकत्र वाचा. स्वस्त मालाचं दुकान, राष्ट्रीय उत्सव, आणि जमिनीला टेकून तोरणं शिवणारं पोर. चित्राचा अर्धा अर्थ त्या दुकानाच्या पाटीत होता. उरलेला अर्धा, तिथून पिशव्या घेऊन जाणाऱ्या गिऱ्हाइकांच्या मनात.

फेब्रुवारी २०१३ मध्ये भिंतीचा तो भाग विटांसकट कापून नेला. तो थेट अमेरिकेत, मायामीच्या लिलावात उगवला. मोहल्ल्यातल्या लोकांनी आणि स्थानिक कौन्सिलने आरडाओरडा केला, तेव्हा ऐनवेळी मागे घेतला. जूनमध्ये लंडनमध्येच साडेसात लाख पौंडांहून अधिक किमतीला तो विकला गेला. विकत घेणाऱ्याला काय मिळालं? शिवणयंत्रावर बसलेला एक मुलगा. दुकान गेलं, रस्ता गेला, गिऱ्हाईक गेलं. ज्यांच्या गल्लीत ते चित्र आलं होतं त्यांना एक छदामही मिळाला नाही. चित्रकारालाही नाही.

पुढे इंग्लंडमधल्याच फोकस्टन गावातल्या बँक्सीच्या अशाच एका चित्रावरून खटला झाला. तिथे खेळयंत्रांचं केंद्र (आर्केड) चालवणाऱ्या भाडेकरूने भिंत कापली आणि न्यायालयात सांगितलं, इमारतीची डागडुजी करणं भाडेकराराप्रमाणे माझं कर्तव्यच आहे, मी दुरुस्ती केली! २०१५ मध्ये न्यायालयाने हे मान्य केलं नाही. कापलेला तुकडा घरमालकाचा, असा निकाल दिला. निकाल बरोबरच होता. पण गंमत बघा. भाडेकरूचा हक्क तपासला गेला, घरमालकाचा तपासला गेला, विटांची मालकी ठरली. चित्र काढणाऱ्याचा प्रश्न कुणी उपस्थितच केला नाही, कारण चित्र काढणारा समोर येऊ शकत नव्हता. परवानगीशिवाय रंगवणाऱ्याची हीच अडचण असते. तो हक्क सांगायला गेला तर आधी गुन्हा कबूल करावा लागतो.

याच्या उलट टोकाची घटना न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागातली. फाइव्ह पॉइंट्झ नावाच्या जुन्या कारखान्याच्या भिंती मालकाच्याच संमतीने वर्षानुवर्षं ग्राफिटीवाल्यांना मोकळ्या होत्या. जागेचे भाव चढले, मालकाला टॉवर बांधायचे होते. नोव्हेंबर २०१३ मध्ये एका रात्रीत सगळ्यावर पांढरा रंग मारला. चित्रकार न्यायालयात गेले. २०१८ मध्ये २१ चित्रकारांना ४५ कामांबद्दल ६७ लाख ५० हजार डॉलर भरपाई मिळाली आणि ती वरच्या न्यायालयातही टिकली. मालकाने सूचना देऊन, वाट बघून इमारत पाडली असती तर इतकं झालं नसतं. त्याने घाई केली. चित्रकार जिंकले, कारण काम संमतीने झालं होतं, कुणी काय काढलं याची नोंद होती आणि ते एकत्र होते. या तीन गोष्टी लक्षात ठेवा. मला शेवटी त्यांच्याकडे यायचं आहे.

आता इटलीतल्या बोलोन्याबद्दल. तिथे ब्लू नावाचा चित्रकार आहे, वीसेक वर्षं शहरभर भिंती रंगवत आला. २०१६ मध्ये शहरातल्या एका श्रीमंत प्रतिष्ठानने रस्त्यावरच्या कलेचं मोठं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. ब्लूची काही कामं भिंतींवरून उतरवून आणली, त्याला न विचारता. कारण दिलं जतनाचं. आपल्यापैकी ज्यांनी भित्तिचित्रांच्या संवर्धनाचं काम पाहिलं आहे त्यांना हे तंत्र माहीत आहे. चित्रावर सरस लावून कापड चिकटवतात, वाळू देतात आणि मग कापडाबरोबर रंगाचा थर साल काढल्यासारखा ओढून घेतात. चर्चमधली शेकडो वर्षं जुनी चित्रं वाचवायला हे तंत्र आहे, आणि त्यासाठी ते उत्तमच आहे. जिवंत चित्रकाराच्या बाबतीत मात्र आधी त्याच्या दारावर टकटक करायची पद्धत असावी. ब्लूने काय केलं? प्रदर्शन उघडायच्या आधी मित्रांना हाताशी धरून शहरातली आपली सगळी चित्रं करड्या रंगाने पुसून टाकली.

मला ब्लूचं हे पटतं आणि पटतही नाही. त्याचा राग खरा होता. पण त्या भिंतींखालून रोज शाळेत जाणाऱ्या मुलांचं चित्रही त्याच रंगाखाली गेलं. चित्र रस्त्यावर ठेवलं की त्यात रस्त्याचाही वाटा येतो, असं आपण म्हणतो. मग तो वाटा चित्रकारालाही एकट्याने मिटवता येऊ नये. यावर आपल्यात मतभेद होतील, आणि ते व्हावेत.

म्हणजे गॅलरीत जाणं हेच पाप आहे का? मुळीच नाही. हा सोवळेपणा मला मान्य नाही, विशेषतः पोट भरलेल्या समीक्षकांकडून आला की. कीथ हेरिंगने १९८० पासून न्यू यॉर्कच्या भुयारी स्टेशनांत जाहिरातीच्या रिकाम्या चौकटींतल्या काळ्या कागदावर खडूने शेकडो रेखाटनं केली. त्यासाठी पोलिसांनी त्याला पकडलंही. त्याचं नाव झाल्यावर लोक ती रेखाटनं फाडून नेऊ लागले आणि १९८५ च्या सुमाराला त्याने तिथलं काम थांबवलं. पुढच्याच वर्षी त्याने स्वतःचं दुकान काढलं, बॅज आणि टीशर्ट विकले. लोक म्हणाले, विकला गेला. मी म्हणतो, दुकान त्याचं होतं, गल्ल्यावर त्याचा हक्क होता. खरी विक्री पुढे झाली. त्याच्या स्टेशनांतल्या ३१ रेखाटनांना २०२४ मध्ये लिलावात ९० लाख डॉलरहून अधिक मिळाले. तोवर त्याला जाऊन ३४ वर्षं झाली होती.

आपल्या महाराष्ट्रात भिंतीवरून गॅलरीत जाण्याचा सगळ्यात मोठा प्रवास झाला तो डहाणूच्या परिसरातून. वारली घरात लग्न असलं की शेणामातीने सारवलेल्या, गेरूने लाल केलेल्या भिंतीवर सुवासिनी चौक लिहीत. तांदळाचं पांढरं पीठ पाण्यात कालवायचं, बांबूच्या काडीचं टोक चावून चावून त्याचं ब्रश करायचं. मधोमध पालघट देवी. लग्न आटोपलं की त्या चित्राचं काम संपलं. पुढच्या सारवणात ते जायचं आणि कुणाला त्याचं दुःख नसायचं. १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी तिथे कागद आणि रंग घेऊन गेले. जिव्या सोमा मशे या कलावंताने ती भाषा लग्नाच्या चौकातून बाहेर काढली, जाळं, बैल, पेरणी, नाच सगळं कागदावर आणलं. १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांची चित्रं होती. २०११ ला पद्मश्री मिळाली. याचा मला निर्भेळ आनंद आहे. तरी एक खटकतं. भिंतीवर बायका काढत होत्या आणि त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. कागद आला, त्याबरोबर सही आली, आणि बराच काळ ती सही पुरुषांची राहिली. आज तीच चित्रं साड्यांवर, कपांवर, विमानतळांवर आहेत. २०१४ मध्ये वारलीला भौगोलिक निर्देशनाचा दर्जाही मिळाला. त्या दर्जाने कप विकणाऱ्याकडून पाड्यावर किती पैसे पोचतात, ते पाड्यावर जाऊनच विचारावं.

आता आपल्या शहरांकडे येऊ. इथे भिंत कापून कुणी मायामीला नेत नाही. इथला व्यवहार वेगळा आहे, आणि तो टेंडरमध्ये होतो. सुशोभीकरण नावाचा एक खर्चाचा रकाना आहे. स्वच्छतेची स्पर्धा आली की उड्डाणपुलांचे खांब, शाळांच्या कंपाउंड भिंती, स्मशानाच्या भिंतीसुद्धा रंगवून निघतात. दर चौरस फुटाचा. मुख्य ठेकेदार पोटठेकेदाराला देतो, तो मंडळातल्या सीन रंगवणाऱ्या पोरांना. झाडाखाली वाचणारी मुलगी, पाणी वाचवा, मोर. ग्राफ पाडायला वेळ नाही, प्रायमर मारायला पैसे नाहीत, त्यामुळे पहिल्या पावसाळ्यात मोराची पिसं सोलून निघतात. कोपऱ्यात नाव कुणाचं? नगरसेवकाचं, आणि रंगाच्या कंपनीचं. रंगवणाऱ्याचं नाव लिहायला एक वीत जागा सापडत नाही.

महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंध कायदा आहे, १९९५ चा. तो असावाच. पण तीच भिंत, तोच ब्रश, तोच मुलगा. कंपनीचा लोगो शेजारी असला तर सुशोभीकरण, नसला तर विद्रूपीकरण.

दुसरीकडे मोठ्या प्रमाणावर, नीट परवानग्या घेऊन कामही झालं. मुंबईत २०१४ मध्ये वांद्र्याच्या टेलिफोनच्या इमारतीवर रणजित दहिया यांनी दादासाहेब फाळके उभे केले. ससून डॉकवर २०१७ मध्ये गोदामांतून मोठा प्रकल्प झाला, दिल्लीच्या लोधी कॉलनीचा तर पूर्ण भाग रंगला. रंगाच्या कंपनीचा पैसा तिथेही होता. मला त्याची हरकत नाही, फाळके आभाळातून पडत नाहीत. हरकत आहे ती पुढच्या टप्प्याला. चित्रामुळे गल्ली प्रसिद्ध होते, फोटो काढायला लोक येतात, मागून कॅफे येतं, मग भाडं चढतं. ज्या घराची भिंत होती त्यातला भाडेकरू सगळ्यात आधी बाहेर पडतो.

आणि आता जरा कायद्याचं, कारण आपली मंडळी याबाबत फार आळशी आहेत. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ असं म्हणतं की कॉपीराइट विकल्यावरही कामावर नाव असण्याचा आणि कामाची नासधूस झाली तर दाद मागण्याचा हक्क कलावंताकडे राहतो. अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं ब्राँझचं प्रचंड भित्तिशिल्प सरकारने १९७९ मध्ये उतरवून गोदामात टाकलं होतं. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेले तुकडे त्यांना परत द्यायला सांगितले आणि पाच लाखांची भरपाई दिली. २६ वर्षं लागली, पण निकाल लागला. २०२३ मध्ये त्याच न्यायालयासमोर मुंबईतल्या एका भित्तिचित्राचा मामला आला. विमा कंपनीने ते चित्र आपल्या होर्डिंगमध्ये वापरलं होतं. रस्त्यावरचं आहे म्हणजे सगळ्यांचं आहे, हा समज न्यायालयाने प्रथमदर्शनी मान्य केला नाही. ही जाहिरातच आहे असं म्हणून इंटरनेटवरच्या पोस्ट काढायला लावल्या. आणखी एक कलम आहे, ५३ अ. दहा हजार रुपयांवरच्या मूळ चित्राची पुन्हा विक्री झाली तर चित्रकाराला दहा टक्क्यांपर्यंत वाटा मागता येतो. हे कलम १९९४ च्या दुरुस्तीने आलं. सभागृहात कुणी असा वाटा घेतला असेल तर हात वर करा. नाही ना? वाटलंच होतं.

तेव्हा पुढच्या रांगेतल्या मित्रांनो, तुमच्याशी भांडण नाही. रस्त्यावरचं काम आत आणा, पण काढणाऱ्याला शोधून, विचारून, लेखी ठरवून आणा. सापडत नसेल तर ते भिंतीवरच असू द्या. आणि मागच्या रांगांतल्या मित्रांनो, पुढच्या वेळी परांचीवर चढण्याआधी कागदावर सही करा, स्वतःची प्रत ठेवा, पूर्ण झालेल्या कामाचा तारखेसह फोटो घ्या, कोपऱ्यात नाव लिहा. मघाशी सांगितलं ते हेच. संमती, नोंद आणि एकजूट.

उद्याच्या खुल्या अधिवेशनात मी एक ठराव मांडणार आहे. भित्तिचित्रांसाठी एका पानाचा करारनामा, मराठीत, कुणालाही वाचता येईल असा, या संमेलनाने तयार करावा आणि सुशोभीकरणाच्या प्रत्येक टेंडरला तो जोडावा म्हणून नगरपालिकांकडे आग्रह धरावा. नाव, मोबदला, पुसण्याआधी सूचना आणि जाहिरातीत वापरल्यास वेगळे पैसे, एवढ्या चार अटी. मसुदा प्रवेशद्वाराशी ठेवला आहे. जेवायला जाताना घ्या, रात्री वाचा, आणि उद्या वेळेवर या.